पलीकडची खोली

घरातील खोल्यांना नावे कोण देते, ते सांगता येत नाही. माजघर, देवघर, कोठीची खोली ही नावे वाडवडिलांपासून चालत आलेली असतात. काही नावे मात्र त्या त्या घरातच तयार होतात. आमच्या बडोद्याच्या घरात 'अण्णांची खोली' आहे. अण्णांना जाऊन तीस वर्षे होत आली. तेथे आता कपडे धुण्याचे यंत्र आहे, इस्त्रीचे टेबल आहे. तरी कपडे 'अण्णांच्या खोलीतच' वाळत असतात. माणसाचे नाव खोलीला लागते आणि माणूस गेल्यावरही तेथे राहते. ज्यांना नावच मिळाले नाही, त्यांच्या खोलीला काय म्हणावे, हा प्रश्न आमच्या घरात अठरा वर्षे तसाच पडून होता.

जिना चढून गेले की पहिलीच लागणारी ही लहान खोली. पूर्वेला एक खिडकी, भिंतीत एक फडताळ आणि छताच्या तुळईला लोखंडी कडी. २००५ साली साधारण चार महिने तिला घरात सर्वजण 'बाळांची खोली' म्हणत असत. पुढे काही काळ ती नुसती 'ती खोली' झाली आणि नंतर 'पलीकडची खोली'. वस्तुतः ती कशाच्याच पलीकडे नाही.

हा लेख आम्ही उभयतांनी मिळून लिहिला आहे. एकाने लिहिले, दुसऱ्याने खोडले, असे बरेच दिवस चालले. 'आम्ही' या सर्वनामात दोन्ही माणसे मावतात असे व्याकरण सांगते. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात ती मावत नव्हती, हे पुढे येईलच.

जुळे आहे हे सोनोग्राफीत कळले होते. मुलगा की मुलगी ते कळले नव्हते, आणि १९९४ च्या कायद्यानुसार कोणी सांगणेही शक्य नव्हते. म्हणून भिंतींना फिकट पिवळा रंग द्यावयाचे ठरले. तो दोहोंना चालतो. वरच्या बाजूने चिमण्यांची एक ओळ काढावी अशी कल्पना निघाली. अण्णांच्या जुन्या एक्स-रे फिल्मवर चिमणी कोरून तिचा साचा केला आणि शनिवार-रविवार करून तीन भिंती पुऱ्या केल्या. चौथ्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या. ती भिंत आठव्या महिन्यात सावकाश करू असे म्हटले होते.

घरातील रीत अशी नव्हती. आमच्याकडे मूल जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही आणत नाहीत. कुंची, झबली, दुपटी जुन्या मऊ कापडाची करतात. आईंनी आपले एक नऊवारी लुगडे फाडून दोन कुंच्या आणि सहा झबली शिवून ठेवली होती. भिंतीच्या रंगाला त्यांनी हरकत घेतली नाही. रंग खोलीला असतो, बाळाला नव्हे, असे काहीसे त्या म्हणाल्या. पाळणा मात्र आधी आणून ठेवू नका, एवढे त्यांनी बजावले. तो संखेड्याला सांगून ठेवण्यास त्यांची ना नव्हती, कारण तो यायला वेळ लागणारच होता.

या रीतीला लोक शकुन-अपशकुनाची रीत म्हणतात. आम्हास ती हिशेबाची वाटते. नमुना नोंदणीच्या आकडेवारीप्रमाणे १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ मुले वर्ष पुरे होण्याआधी जात. २००५ साली हा आकडा ५८ होता, २०२० साली २८ झाला. आईंची बाळंतपणे १९७१ च्याही आधीची. ज्या घरात दर पिढीला एक-दोन मुले जाणारच, तेथे वस्तू कमी ठेवणे हा शहाणपणा होता. मूल गेले तर जुन्या लुगड्याची कुंची पुन्हा चिंध्यांत मिसळून जाते. नव्या रंगाची खोली कशात मिसळत नाही. मात्र रंग दिला म्हणून काही घडले असे आम्ही त्या वेळीही मानले नाही, आजही मानत नाही. आईंनीही तसे कधी सुचविले नाही, आणि त्या काळात घरी येऊन गेलेल्या सर्वांबद्दल असे म्हणता येणार नाही.

एकोणतिसावा आठवडा चालू असताना प्रसूती झाली. मुलगा पोटातच गेला होता. मुलगी अकराशे ग्रॅमची होती आणि ती नऊ दिवस जगली. रुग्णालयात त्यांच्या पट्ट्यांवर 'बेबी ऑफ' असे लिहून पुढे आईचे नाव व शेवटी १ आणि २ हे आकडे होते. पहिला आकडा मुलाचा, दुसरा मुलीचा. पाचव्या दिवशी तेथील एका परिचारिकेने मुलीला काचेच्या पेटीतून काढून वीस मिनिटे उघड्या छातीशी ठेवू दिले. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली सुरू झालेली ही पद्धत आता आपल्याकडेही बरीच रुळली आहे. तेव्हा आम्ही तिचे नावही ऐकले नव्हते. ती वीस मिनिटे आमच्यापैकी एकाच्या वाट्याला आली. दुसऱ्याच्या वाट्याला काचेतून दिसणारा तळपाय आला.

सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते. त्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आम्ही रुग्णालयात होतो. आईंनी घरी, त्या पिवळ्या खोलीत, पाट मांडून दिवा लावला आणि वहीचे एक पान फाडून त्यावर बॉलपेन ठेवले. पान एकच ठेवले होते. हे आम्हास फार उशिरा कळले.

मुलीला घेऊन गेले तेव्हा बायकांनी जायचे नसते म्हणून एक जण घरी राहिली. शास्त्राप्रमाणे एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, भूमीत ठेवतात. घरी परतल्यावर गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले की नाव ठेवण्यापूर्वी गेलेल्या मुलाचे सुतक नाही, स्नानाने शुद्धी होते. मात्र जन्माचे सोयर दहा दिवसांचे आहे, ते फिटेपर्यंत पाळावे. म्हणजे घरातून दोन मुले गेली होती आणि शास्त्राच्या दृष्टीने घरात जन्माचा विटाळ चालू होता. श्राद्ध नाही, तिथी नाही, तर्पण नाही.

पुढे काही वर्षांनी, मन थोडे थाऱ्यावर आल्यावर, महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड (१९५३) ग्रंथालयातून आणून वाचला. आशौचाचा सर्व विचार त्यात आहे. किती महिन्यांचा गर्भ गेला तर स्त्रीने किती रात्री पाळाव्यात, दात येण्यापूर्वी मूल गेले तर काय, दोन वर्षांच्या आत गेले तर काय, असा तपशील निरनिराळ्या स्मृतिकारांच्या मतांसह दिलेला आहे. वाचताना राग येईल असे वाटले होते; आला नाही. त्या ग्रंथकारांनी हे प्रसंग इतक्या बारकाईने पाहिले होते याचेच नवल वाटले. जेथे दरसाल कोणाच्या ना कोणाच्या घरी असे होत असे, तेथे प्रत्येक वेळी दहा दिवस चूल बंद ठेवणे परवडणारे नव्हते. त्यांनी आईबापांना मोकळे करण्यासाठी नियम केले असतील. फक्त मोकळे करताना त्यांच्या हातात काहीच राहू दिले नाही. मोठे माणूस गेले की तेरा दिवस हातांना काम असते. पिंड, दर्भ, पाने, दक्षिणा, कोणाला कळवायचे राहिले याची यादी. आमच्या हातांना कोणतेच काम नव्हते.

कायद्याची गोष्ट याहून निराळी, आणि ती आम्हास अनपेक्षित होती. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 'जन्म' या शब्दाच्या व्याख्येतच मृतजन्माचा समावेश आहे. त्यासाठी अठ्ठावीस आठवड्यांची मर्यादा आहे आणि त्याचा अर्जाचा नमुना वेगळा आहे. आमचा मुलगा जेमतेम त्या मर्यादेच्या आत आला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातही 'मूल' या शब्दात मृत जन्मलेले मूल धरलेले होते. त्यामुळे आमच्यापैकी जी नोकरीत होती तिला पुरी रजा मिळाली. शास्त्राने ज्याचा मृत्यू मोजला नाही, त्याचा जन्म सरकारने मोजला. नगरपालिकेच्या खिडकीवरील कारकुनाने मुलीच्या दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा ठेवून तेथे एक आडवी रेघ ओढली. कागद देताना तो उठून उभा राहिला होता. त्याचे काम बसून करण्याचे होते, म्हणून ते लक्षात राहिले.

नावे ठरलेली नव्हती असे नाही. दोन मुलांची आणि दोन मुलींची, अशी चार नावे आम्ही निवडली होती. दोन मुलगे झाले तर, दोन मुली झाल्या तर, एक-एक झाले तर, असा सगळा विचार करून. बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. म्हणून ती चार नावे आम्हा दोघांखेरीज फक्त बेळगावच्या आत्याला, म्हणजे आमच्या धाकट्या बहिणीला, फोनवरून सांगितली होती. बारशापर्यंत ती कोणापाशी बोलायची नव्हती. तिलाही तेव्हा दिवस गेलेले होते, चौथा महिना. त्यामुळे आमच्याकडे जे घडले ते तिला महिनाभर कोणी कळवले नाही, आणि कळल्यावरही तिला येऊ दिले नाही.

त्यानंतरचे दिवस आम्ही एका घरात राहून दोन ठिकाणी काढले. एकीला पान्हा फुटला होता. तो जिरावा म्हणून शेजारच्या बाईंनी मोगऱ्याची फुले आणून बांधायला सांगितली. तो उपाय जुना आहे आणि बहुधा गुणकारीही असावा. पण तेव्हापासून आमच्या घरी मोगरा येत नाही. दुसरा तेराव्या दिवशी कचेरीत रुजू झाला आणि संध्याकाळी घरी आल्यावर नळांचे वॉशर बदलत बसे. घरातील सगळे नळ झाले, मग शेजाऱ्यांचे झाले. एकीला वाटे, याला काहीच कसे वाटत नाही. दुसऱ्याला वाटे, आपण काही बोललो तर हिला पुन्हा सुरुवातीपासून सोसावे लागेल. यात विशेष काही नाही. अशा घरांतून हे असेच होत असते, हे आम्ही पुढे इतरांकडून ऐकले. त्या वेळी मात्र ते आमच्यापुरतेच आहे असे वाटत होते.

भेटायला येणारे लोक बहुधा एकाच तऱ्हेचे बोलत. वय आहे, पुन्हा होईल. झाले नसते तर जास्त वाईट होते. किंवा, बरे झाले लगेच गेली, जीव लागण्याआधी. एका स्नेह्यांनी पत्रात गोविंदाग्रजांच्या 'राजहंस माझा निजला' या कवितेचा उल्लेख केला होता. गडकऱ्यांचा जन्म १८८५ चा, नवसारीकडचा, तेव्हाच्या बडोदे संस्थानच्या मुलखातला. त्यामुळे इकडच्या मंडळींना ते आपलेच वाटतात आणि तोंडी येतात. त्या कवितेतील आई गेलेल्या बाळाला निजला आहे असे म्हणते आणि भोवतालच्या लोकांना ते पाहवत नाही. आमचे नेमके उलटे झाले होते. तिला लोक सांगत होते की मूल गेले. आम्हास सांगत होते की मूल नव्हतेच.

आनंदीबाई जोशी यांच्याविषयीही असेच मनात येते. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्यावेळी योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, आणि त्या वेदनेतून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला; १८८६ साली फिलाडेल्फियाला त्या पदवीधर झाल्या. ही हकीकत शाळेच्या पुस्तकापासून सर्वत्र असते. तिच्यात त्या दहा दिवसांच्या मुलाला साधारणतः एक वाक्य मिळते आणि तेही पुढच्या मोठ्या गोष्टीचे कारण म्हणून. आमची मुले कोणत्याही गोष्टीचे कारण झाली नाहीत. पुन्हा मूल झाले नाही. दत्तकाचा विचार झाला, तो मागे पडला. त्याची हकीकत येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

आईंच्या पिढीतील बायकांना मुले किती असे विचारले तर त्या म्हणत, "झाली पाच, राहिली तीन." आईसुद्धा असेच सांगत. लहानपणी ते नुसते बोलण्याच्या ओघातील वाक्य वाटे. आता वाटते की शास्त्राने जे मोजले नाही ते या बायकांनी आपल्या बोलण्यात मोजून ठेवले होते, आणि तेही रडण्याचा सूर न काढता, धान्याचे माप सांगावे तसे. आईंनी आपल्या न राहिलेल्यांपैकी दुसऱ्याविषयी एकदाच आम्हास सांगितले. तो तीन महिन्यांचा होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा भाताचा आधण ठेवला, एवढेच. २०११ साली आई गेल्या. 'झाली, राहिली' हे बोलणे आमच्या पिढीपर्यंत आले नाही. आम्हास कोणी विचारले की मुले किती, तर आम्ही 'नाहीत' असे सांगत आलो. 'झाली दोन' असे म्हटले तर समोरच्याने काय करावे?

खोलीला कुलूप कधीच नव्हते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कथा-कादंबऱ्यांत अशी खोली बंद असते आणि तिची किल्ली कोणाच्या तरी उशाखाली असते. आमच्याकडे तेथे आकाशकंदील, जादा गाद्या, उन्हाळ्यात वाळवणे आणि याच अंकासारख्या नियतकालिकांचे जुने गठ्ठे असत. येणे-जाणे असे. चिमण्यांकडे पाहावे लागू नये अशी मान वळविण्याची मात्र दोघांनाही सवय झाली होती, आणि ती दुसऱ्यालाही आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

२०२३ च्या उन्हाळ्यात बेळगावहून फोन आला. आत्याच्या मुलीला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात प्रवेश मिळाला होता. "दादा, वहिनी, वसतिगृहाचे पाहतेच आहे, पण पहिले वर्ष तुमच्याकडे राहिली तर..." एवढे ती म्हणाली आणि थांबली. आम्ही हो म्हटले. फोन ठेवल्यावर कोणती खोली हा विचार आला, आणि दुसरी कोणती खोलीच नव्हती. ही भाची डिसेंबर २००५ ची. प्रत्येक कुटुंबात, ज्यांची मुले गेली आहेत त्यांच्या नजरेसमोर, एक असे बरोबरीचे मूल असते. ती चालू लागली तेव्हा आम्ही मनात कोणाला तरी चालवले. दहावीला बसली तेव्हा दोघे दहावीला बसले. हे तिच्या आईला कधी बोलून दाखवले नाही. तिच्या बारशालाही गेलो नव्हतो.

रंगकामासाठी आमचे नेहमीचे रंगारीकाका आले. गुजराती गृहस्थ, मोजके बोलणारे. भिंतीवर बोटांची मागची बाजू वाजवीत त्यांनी खोलीला एक फेरी घातली आणि म्हणाले, "साहेब, हे सगळे खरवडावे लागेल. वरून हात मारला तर पावसाळ्यात पोपडे येतील." रंगाच्या थराला 'हात' म्हणतात, हे सर्वांस ठाऊकच आहे. पिवळ्यावर पांढरा बसवायला तीन हात लागतील, असा त्यांचा अंदाज होता.

तेथे आमचे मतभेद झाले. एकाचे म्हणणे होते की मुळीच खरवडू नये; वरून रंग द्यावा, पिवळा आत राहू द्यावा, मग पोपडे येवोत. दुसऱ्याचे म्हणणे होते की काढायचे तर भिंतीच्या विटेपर्यंत काढावे, नाहीतर हात लावू नये. अठरा वर्षांत या विषयावर आम्ही इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. रंगारीकाका जिन्यात विडी ओढत बसून राहिले. बोलणे रंगावरून सुरू झाले आणि रंगावर राहिले नाही. कोणी किती रडले, कोण नळ दुरुस्त करीत होते, वीस मिनिटे कोणाला मिळाली, काचेबाहेर कोण उभे होते, हे सर्व निघाले. नळांचे वॉशर बदलणारा माणूस प्रत्येक नळाखाली बसून काय करीत असे, ते त्या दिवशी दुसऱ्यास कळले. पाण्याचा आवाज चालू असला की घरात दुसरा आवाज ऐकू जात नाही.

निर्णय शेवटी ओलीने केला. उत्तरेची भिंत पार फुगली होती, ती खरवडण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे ज्या भिंतीवर नुसत्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, तीच विटेपर्यंत गेली. बाकी तीन भिंती कोरड्या होत्या. त्यांच्यावर घासकाम, लांबी, प्रायमर आणि वर पांढऱ्याचे तीन हात एवढ्यावर भागले. साच्याच्या चिमण्या तैलरंगाच्या असल्याने त्यांना जाडी होती. रंगारीकाकांनी पॉलिश पेपरने घासून त्या सपाट केल्या. आपणही थोडे घासावे म्हणून आम्ही एकेक कागद मागून घेतला आणि दिवसभर, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला, उभे राहून घासले. पिवळी भुकटी केसांत, भुवयांत बसली. रंगारीकाकांनी आम्हास मध्येच थांबवले नाही, आमचे घासून झाल्यावर तेवढाच भाग पुन्हा नीट घासून घेतला. मजुरी त्यांनी पुरी घेतली, ते योग्यच झाले.

फडताळ रिकामे करताना तळाच्या कागदाखाली वहीचे एक पान सापडले. चार घड्या घातलेले, कोरे. ते कशाचे हे प्रथम कळेना. मग घडीत अडकलेल्या कुंकवाच्या दोन कणांवरून कळले. आईंनी ते टाकून दिले नव्हते आणि आम्हास दाखवलेही नव्हते. ते आता दाखल्यांच्या फायलीत आहे.

माळ्यावरून पाळणाही खाली काढला. बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या संखेड्याची ही कामगिरी बहुतेक वाचकांनी पाहिलेली असेल. सागाचे लाकूड चरकावर गोल करतात, त्यावर कथलाच्या वर्खाच्या रंगाने नक्षी काढतात, अकीकाने घोटतात आणि वर लाखेचा थर देतात. वर्ख मुळात पांढरा असतो. लाखेखाली तो सोन्यासारखा दिसू लागतो. जुळ्यांसाठी एकच रुंद पाळणा करा, असे आम्ही सांगितले होते. तो तयार होऊन टेम्पोने घरी आला तेव्हा दहा दिवसांचे सोयरही फिटले होते. टेम्पोवाल्याने पेढ्यांची अपेक्षा केली होती. गोणपाट न सोडताच तो वर चढवला गेला. आता गोणपाट सोडले तर आत २००५ च्या जुलैतील गुजराती वर्तमानपत्रे, आणि त्यांच्या आत लाल आणि सोनेरी रंग कालच दिल्यासारखे.

इकडे गुजराती घरांतून पाळणा एकमेकांकडे फिरतो, तो एका घरचा राहत नाही. शेजारच्या बेनची सून तेव्हा पोटुशी होती. आम्ही पाळण्याची सगळी हकीकत आधी सांगितली, मग विचारले. "लाकडाला काय माहीत?" एवढेच त्या म्हणाल्या आणि मुलांना हाक मारून तो उचलून नेला. वर्षभराने परत आला, तेव्हा एका कडेची लाख दुधाच्या दातांनी कुरतडलेली होती. बेनना फार अपराधी वाटत होते, संखेड्याहून दुरुस्त करून आणते म्हणाल्या. आम्ही करू दिले नाही.

छताच्या कडीचे रंगारीकाकांनी शेवटी विचारले. करवतीने कापायची की राहू द्यायची? राहू दिली. तिला तेवढा काळा रंग दिला.

जुलैत भाची आली. दोन ट्रंका, एक चित्रांची लांब नळी, आणि आईने दिलेला कुंदा. रात्री उशिरा पोचली, जेवून झोपली. सकाळी चहाला खाली येईना म्हणून आम्ही दोघेही वर गेलो. पूर्वेच्या खिडकीतून तिरके ऊन दक्षिणेच्या भिंतीवर पडले होते आणि ती भिंतीला जवळजवळ गाल टेकवून पाहत होती. कितीही घासले तरी तैलरंगाच्या कडा सगळ्या जात नाहीत. चित्रकलेच्या विद्यार्थिनीला ते दिसणारच.

"मामी, याच ना त्या चिमण्या?" तिने विचारले. आणि मग, जणू काही शेजारच्या खोलीत असलेल्या मावस-मामे भावंडांविषयी बोलावे तशा सहजपणे, "दोघांच्या," असे म्हणून तिने दोघांची नावे घेतली. आधी त्याचे, मग तिचे. चारांतली नेमकी दोन. तिच्या आईने ती तिला लहानपणीच सांगितली होती. बेळगावच्या घरी राखीच्या दिवशी तिच्या भावंडांत ते दोघे धरले जात आणि एक राखी देवापुढे ठेवली जाई. यातले काही आम्हास माहीत नव्हते. ती नावे आम्ही दोघांनीही त्या जुलैपासून आपसांतसुद्धा उच्चारली नव्हती. येथेही लिहीत नाही. ती कानात सांगायची होती.

आम्ही दाराशी उभे होतो. हो, त्याच, असे आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले. कोण, ते आता आठवत नाही.

मग तिने विचारले की टेबल खिडकीकडे सरकवले तर चालेल का, आणि तिकडे एक जास्तीचा प्लग मिळेल का. दुसऱ्या दिवशी वायरमन येऊन तो बसवून गेला.